गुरुवारची कोंबडी

आमच्या घरात बर्फातली कोंबडी ही कोंबडी धरत नाहीत. तो दगड. आणि दगडाला वार नसतो. सोमवार असो, गुरुवार असो, एकादशी असो, दगड फ्रीजच्या वरच्या खणात पडून राहिला तर कुठल्याच देवाची तक्रार येत नाही. तोच दगड विरघळायला लागला, त्याला पाणी सुटलं, की त्या क्षणी त्याची कोंबडी होते आणि मग वार बघावा लागतो. हे शास्त्र मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. लग्न होऊन धारूरला आल्यावर सासूबाईंनी शिकवलं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा; आमच्या भागात तसंच म्हणतात. माहेर माझं घाटनांदूरचं. आमच्या घरात माझ्या आधी दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. मी रोज एसटीनं अंबाजोगाईला जाऊन बी.एस्सी. केलं. मी हे सारखं सारखं सांगते, असं सासरचे म्हणतात. सांगते. ज्यांनी केलं नाही त्यांनी ऐकायला काय हरकत आहे?

आता मी इथल्या एका क्लासमध्ये दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते आणि त्या पगारातून घेतलेला एक फ्रीज आमच्या घरात आहे. एका दाराचा, छोटा. वर बर्फाचा खण, खाली दोन जाळ्या, तळाला भाजीचा डबा. आत्यांच्या लेखी फ्रीज म्हणजे थंड कपाट. त्यात कापराची डबी असते, कारण बाहेर कापूर उडून जातो. अगरबत्तीचा पुडा असतो, का ते मला अजून कळलेलं नाही. मुदत संपलेलं डोळ्यांचं औषध असतं, तीन दिवसांची कणीक असते आणि या सगळ्यात उरलेल्या जागेत खाण्याच्या वस्तू असतात.

त्या वर्षी चैत्र संपता संपता मामांना टायफॉइड झाला. सहा दिवस दवाखान्यात सलाईनवर होते. घरी आणले तेव्हा अंगावर नुसती हाडं. एरवी सकाळी दोन भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाऊन शेतात जाणारा माणूस मुगाच्या पाण्याची वाटी बघून तोंड फिरवायचा. तीन आठवडे असे गेले. मग डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आता कोंबडीचा पातळ रस्सा द्यायला लागा, पण जपून. आतडी अजून कच्ची आहेत. पोट पुन्हा बिघडलं तर घरी बसून निभणार नाही, थेट लातूरला न्यावं लागेल. डॉक्टर हे बोलले तेव्हा समोर मी होते, आत्या होत्या. ऐकलं दोघींनी. शिरलं एकीच्याच डोक्यात.

आमचे हे एसटीत कंडक्टर आहेत. त्या आठवड्यात त्यांची बाहेरगावची ड्यूटी होती. त्यामुळं बापाला रस्सा पाजायचं पुण्यकर्म धाकट्या लेकानं अंगावर घेतलं. भावजी पुण्याला एका कंपनीच्या गोदामात सुपरवायझर आहेत. बुधवारी संध्याकाळी थर्माकोलचा एक खोका खांद्यावर घेऊन ते दारात उतरले. सिनेमातला फौजी गावात येतो तशा थाटात.

"वैनी, बघा काय आणलंय. अस्सल गावरान. पॅकिंगमधली. पुण्यात मोठमोठी लोकं हीच खातेत."

गावरान कोंबडी धारूरहून पुण्याला जाते हे मला माहीत होतं. ती गोठून, पिशवीत बसून, तिकिटासकट परत येते हे तेव्हा कळलं. आमच्या घरापासून पाच मिनिटांवर चिकनचं दुकान आहे. समोर कापून देतात. पण तिथं मिळते ती 'बॉयलर', आणि बॉयलरच्या रश्श्यानं माणसाला ताकद येत नाही यावर मामा, आत्या आणि भावजी या तिघांचं एकमत आहे. बाकी कशावर नाही.

खोक्यातला बर्फ निम्मा वितळला होता, पण कोंबडी खणखणीत होती. मी बोटानं वाजवून बघितली. बर्फाचा ट्रे बाहेर काढला, तंगड्या तिरक्या केल्या, तेव्हा कुठं खणाचं झाकण लागलं.

भावजींची परतीची गाडी शुक्रवारी दुपारची. म्हणजे रस्सा शुक्रवारी सकाळीच व्हायला पाहिजे, कारण बापानं पहिला घोट घेतलेला त्यांना डोळ्यांनी बघायचा होता आणि, माझ्या अंदाजानं, मोबाईलवर काढायचाही होता. दीड किलोची अख्खी कोंबडी फ्रीजच्या खालच्या जाळीवर नीट सुटायला पुरा एक दिवस लागतो. शुक्रवारी शिजवायची तर गुरुवारी सकाळी खाली ठेवायची. साधी गोष्ट.

पण आमच्या घरात साधी नाही. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. या दिवशी मटण, कोंबडी, अंडं काही नाही. मंगळवार देवीचा, पण देवीला चालतं असं आत्या म्हणतात. आता हिशेब करा. रविवारी खायची तर शनिवारी सोडवायला ठेवा. मंगळवारी खायची तर सोमवारी. शुक्रवारी खायची तर गुरुवारी. आठवड्यात खायला चार वार मोकळे, आणि त्यातल्या तिघांच्या आदल्या दिवशी देव उभा. उरला एक बुधवार. या घरात बर्फातली कोंबडी रीतसर खायची असेल तर ती फक्त बुधवारी खाता येते. एवढा विचार कुणी केला नव्हता, कारण आजवर सगळे ती बादलीभर गरम पाण्यात बुडवायचे किंवा उन्हात ठेवायचे आणि तासाभरात मोकळे व्हायचे.

गुरुवारी सकाळी सातला मी ती पिशवीसकट एका खोल पातेल्यात ठेवली आणि पातेलं सगळ्यात खालच्या जाळीवर. दूध, दही वरच्या जाळीवर, झाकण लावून. थंड हवा फिरायला जागा पाहिजे म्हणून अगरबत्तीचा पुडा बाहेर काढला. अर्ध्या तासानं आत्या नैवेद्याचं दूध काढायला आल्या.

"हे काय गं?"

"कोंबडी."

"आज वार कोन?"

"गुरुवार."

"आन दत्ताचं दूध कुठं हाय?"

"वर हाय. कोंबडी खाली हाय. पाणी गळलं तर पातेल्यात गळंल. दुधाला काय बी होत न्हाई."

"एकाच घरात हाय ना दोन्ही?"

"रातभर दुधाच्या डोक्यावर व्हती तवा चाललं की, आत्या."

"तवा दगड व्हता."

दुधावर कोंबडीचं पाणी गळू शकतं ते कोंबडी वर असताना. सगळा धोका वरून खाली असतो. पाणी वरून खाली वाहतं हे कळायला शाळासुद्धा लागत नाही. पण बाईनं चाळीस वर्षं देव सांभाळले आहेत, तिला पाण्याचा उतार सांगणारी मी कोण? मी तरी सांगितलं. नीट, वर्गात सांगते तसं. बाहेर ठेवली तर वरचं मांस तापतं आणि आत बर्फ राहतो. आतला बर्फ सुटेपर्यंत वरच्या मांसात जंतू वाढत जातात. मामांच्या आतड्याला जखमा आहेत, त्यांना एवढंसंही झेपणार नाही. फ्रीजमध्ये सुटली तर आतबाहेर सगळीच गार राहते.

आत्या गप्प बसल्या. मी समजले, पटलं. ही माझी चूक. गप्प बसणाऱ्याला पटलेलं असतं असं मला माझ्या वर्गातल्या पोरांच्या बाबतीतही वाटत नाही, मग घरात का वाटावं? मी डबा घेऊन क्लासला गेले. उन्हाळी बॅच, साडेदहा ते साडेपाच.

संध्याकाळी येऊन फ्रीज उघडला तर पातेलं घासून पालथं घातलेलं आणि कोंबडी वर, बर्फाच्या खणात.

"तू गेल्याबरूबर वर ठेवली," आत्या देवापुढं वात लावता लावता म्हणाल्या. "उद्या काढ की सकाळी."

राग आला, पण घाबरण्यासारखं काही नव्हतं. दिवसभर वरच असेल तर कोंबडी चांगलीच आहे. गार पाण्यात सोडवता येते: पिशवीचं तोंड घट्ट बांधायचं, पाण्यात बुडवायची, दर अर्ध्या तासानं पाणी बदलायचं, आणि सुटली की थांबायचं नाही, लगेच शिजवायची. नळाला आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात दर अर्ध्या तासानं पाणी बदला म्हणणं म्हणजे चैन. पण मी एक पिंप राखून ठेवलं होतं आणि वापरलेलं पाणी लिंबाला घालायचं ठरवलं होतं.

शुक्रवारी उजाडल्याबरोबर उठले. कोंबडी बाहेर काढली, परसात उजेडाला धरली, आणि पिशवी उलटी केली तेव्हा दिसलं. तळाशी गुलाबी पाण्याचा पसरट बर्फ. काल इतकं पाणी नव्हतं, काल नव्हतंच. कोंबडी एका बाजूनं चपटी झालेली, मऊ होऊन कशावर तरी बसलेली वस्तू पुन्हा गोठावी तशी. आणि पिशवीच्या बाहेरून, गोठलेल्या थेंबात चिकटलेलं कडब्याचं एक वाळकं पान.

"आत्या, हिला कडबा कुठून लागला?"

"वाऱ्यानं आला आसंल."

"फ्रीजमधी वारा?"

आत्या परसातल्या चुलीतली राख उकरत बसल्या. आमच्याकडे कोंबडी, मटण घरात शिजत नाही, त्याला बाहेर वेगळी चूल आणि वेगळी भांडी. भावजी पलीकडे दात घासत होते. फेस थुंकून म्हणाले, "कावून पोलिसावानी चौकशी लावलीय सकाळी सकाळी? गोठ्यात ठेवलती. म्हशीच्या कडब्यावर, घमेल्याखाली. वरून दगुड ठेवलता म्या, कुत्रं नेईल म्हणून."

"किती वेळ?"

"तुमी गेल्यापसनं. दिवे लागायच्या आत आईनं परत वर ठेवली. पुन्हा टणक झाली का न्हाई? मग काय बिघडलं?"

साडेदहापासून दिवे लागेपर्यंत. वैशाखात. पत्र्याच्या गोठ्यात. लोखंडी घमेल्याखाली.

त्यांच्या डोक्यात काय होतं ते मला तिथंच उभ्या उभ्या कळलं. गुरुवारी कोंबडी घरात नव्हती, गोठ्यात होती. गुरुवार सांभाळला. रात्रीतून ती पुन्हा दगड झाली, म्हणजे मधलं काही घडलंच नाही. बर्फ लावला की झालेलं पुसतं, अशी त्या दोघांची श्रद्धा. आणि भावजींना वर कौतुक, की आपण दगड ठेवला. आठ तास कुत्र्यापासून राखली आणि उन्हाला दिली.

"भावजी, बर्फानं जंतू मरत न्हाईत. थांबतेत. काल दिवसभर वाढले तेवढे समदे हिच्यात हायेत."

"उकळल्यावर काय ऱ्हातंय, वैनी? तीन शिट्ट्या दिल्या की खलास."

"जंतू खलास. त्यांनी मांसात जे इष सोडलंय त्यातलं काही उकळून बी जात न्हाई."

"तुमी लई पुस्तकी हाव. आमी बी इंजिनिअरिंगला गेलतो."

गेलते. पहिल्या वर्षाला चार विषय राहिले. ते विषय अजून तिथंच आहेत, हे मात्र पुण्याला गेले.

या बोलण्यानं ओसरीत बाजेवर झोपलेले मामा जागे झाले. भिंतीला धरून उठून बसले.

"काय बे, कशाचा कालवा हाय?"

"काय न्हाई, बापू. वैनी म्हंतेत कोंबडी खराब झाली."

"वास येतोय का?"

"न्हाई की. बर्फ हाय नुसता."

"मग टाका चुलीवर."

मी पुढं होऊन सांगितलं, "मामा, ही कोंबडी मी तुमाला देणार न्हाई. काल दिवसभर उन्हात व्हती. तुमचं पोट बिघडलं तर लातूरला न्यावं लागंल, डॉक्टर बोललेत."

मामा माझ्याकडं बघतच राहिले. गालाची हाडं वर आलेली, डोळे खोल. तीन आठवडे हा माणूस या एका वाटीची वाट बघत होता. बुधवारी रात्री त्यांनी दोनदा विचारलं होतं, उद्या का परवा.

"जत्रंतलं दोन दोन दिसाचं खाल्लंय आमी. काय झालं आमाला?"

"तवा तुमाला टायफॉइड नव्हता झाल्याला."

"घर माझं. कोंबडी माझ्या लेकानं आणलेली. तू कोन न्हाई म्हननारी?" आणि मग आत्यांना, "पेटीव गं चूल."

आत्यांनी फुंकणी उचलली. भावजी पिशवीकडं हात करत आले, म्हणाले, "द्या इकडं, म्या करतो."

मी पिशवी दिली नाही. तशीच परसाच्या टोकाला गेले, पिशवी फाडली, आणि कोंबडी उकिरड्यात टाकली. वरून पाटीभर शेण टाकलं. मग राख टाकली. ती पुन्हा कुणी काढून धुऊन आणेल ही शंका मला होती, आणि ती शंका बरोबर होती, कारण भावजी दोन पावलं पुढं आलेच होते.

त्यानंतर जे बोलणं झालं ते सगळं लिहीत नाही. आत्या म्हणाल्या, चार बुकं शिकली आन अन्नावर शेण टाकलं. भावजी म्हणाले, दादाला येऊ द्या, बगतोच. मला कुणाच्या बोलण्यानं फरक पडत नाही, असं मी म्हणते आणि बहुतेक वेळा ते खरं असतं. पण मामा भिंतीकडं तोंड करून आडवे झाले आणि पाय पोटाशी घेतले. लहान मूल रुसतं तसं. ते मात्र मला लागलं. दोन शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

हात साबणानं धुतले, कापडी पिशवी घेतली आणि बाजारात गेले. दुकानवाल्यानं समोर कापून दिली. घरी येऊन मीच चूल पेटवली, हळद, आलं, लसूण, मीठ, बाकी काही नाही. रस्सा चांगला दीड तास शिजवला. गाळून वाटीत घेतला आणि बाजेजवळ नेला.

"मामा, उठा. बॉयलरचा हाय. गावरान न्हाई. आत्ताच कापून आणलाय."

खोटं सांगता आलं असतं. भावजी पाठीमागून खुणावत होते, सांगू नका म्हणून. मी सांगितलं.

"बॉयलरचा रस्सा कुत्र्याला घाल."

"कुत्र्याला टायफॉइड न्हाई झाला."

मी वाटी धरून उभी. मग कूस बदलून, डोळे बारीक करून म्हणाले, "आदी तू पी."

सुनेनं सासऱ्याच्या आधी खाणं, तेही त्याच्या समोर, त्याच्याच वाटीतून, आमच्या घरात कधी झालेलं नाही. त्यांनी ते मला लाजवायला म्हटलं. मी बाजेच्या कडेला बसले आणि वाटीतले दोन घोट प्याले. आत्यांनी कपाळावर हात मारला. उन्हात तापलेल्या कोंबडीनं जे झालं नाही ते या दोन घोटांनी झालं, घर बाटलं. त्या उठून आत गेल्या आणि देवघराचं दार लावून घेतलं.

मामांनी वाटी घेतली. पहिला घोट तोंडात धरून ठेवला. मग गिळला. मग वाटी खाली न ठेवता संपवली आणि माझ्यापुढं केली.

"आणखी आन."

"आज एवढंच. डॉक्टरनं आर्धी वाटी सांगितलीय, तुमी पुरी पेला."

भावजींनी फोटो काढला नाही. बॉयलर होता ना. दुपारच्या गाडीनं ते रिकामा खोका घेऊन गेले. उरलेला रस्सा गार झाल्यावर मी घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवला. संध्याकाळी हे घरी आले. दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि जेवले. कंडक्टर माणूस, भांडण मिटवायची सवय आहे, कुणाचं चुकलं ते सांगायची नाही.

शनिवारी सकाळी मी मामांच्या तोंडाकडं बघत होते. ते परसाकडं जाऊन आले, कुणाचा हात न धरता.

"पोट कसं हाय?"

"हाय जाग्यावर." बाजेवर बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "कालचा उरला आसंल की."

आत्या तुळशीला पाणी घालत होत्या, तिथूनच ओरडल्या, "आज शनवार हाय! मारुतीचा वार हाय!"

मामांनी तिकडं मान वळवली नाही. "शनवार तुझा हाय," म्हणाले, "आतडी माझी हायेत."

आत्या तांब्या तसाच घेऊन मारुतीच्या देवळाकडं निघून गेल्या. मी डबा काढला आणि रस्सा चुलीवर ठेवला. मामा बाजेवरून विचारत राहिले, झाला का, झाला का. मी म्हटलं, खळखळून उकळी येऊ द्या, तवर बसा गुमान.